छापे पडतात, खाटा कुठे आहेत?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मालेगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगरच्या बातम्या आपल्याही वाचनात येत असतील. ‘कुत्ता गोळी’चा साठा जप्त, ‘बटन’ विकणारे अटकेत, मुद्देमाल अमुक लाखांचा. फोटोत टेबलावर पट्ट्यांची चळत आणि मागे उभे राहिलेले अधिकारी. कारवाई व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या गोळ्या रोज खाणाऱ्या पोरांचे पुढच्या तीन-चार दिवसांत काय होते, हे बातमीत येत नाही. आम्हाला ते कळते, कारण ती पोरे शेवटी कॅज्युअल्टीत येतात. मी उत्तर महाराष्ट्रातल्या एका शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. हे पत्र तेवढ्याच अधिकाराने लिहिते आहे.

कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम, आणि बटन म्हणजे नायट्राझेपाम. दोन्ही औषधे कायदेशीर आहेत. घबराट किंवा निद्रानाश असलेल्या माणसाला डॉक्टर ती लिहून देतात आणि थोड्या दिवसांसाठी ती उपयोगीही पडतात. मेंदूला शांत ठेवणारे गाबा नावाचे रसायन असते, त्याचा जोर या गोळ्या वाढवतात. महिनोन्‌महिने गोळी पोटात गेली की मेंदू स्वतःची व्यवस्था तिच्या भरवशावर लावून घेतो. मग गोळी एकदम बंद झाली की आवरणारे काहीच उरत नाही. झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते. डोस मोठा असेल तर फिट येते, माणूस बरळू लागतो, नसलेले दिसू लागते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, त्यामुळे हे सगळे एक-दोन दिवसांतच सुरू होते. डायझेपामसारखी गोळी रेंगाळते, तेव्हा आठवडाही लागतो, आणि तोवर घरचे निश्चिंत झालेले असतात.

यंत्रमागावर काम करणारा एक मुलगा आठवतो. जीभ चावलेली, शर्ट घामाने चिंब, शुद्ध अर्धवट. आई सारखी एकच गोष्ट सांगत होती, ‘‘सिस्टर, त्याने सगळं सोडलं होतं हो. तीन दिवस एकही गोळी घेतली नाही.’’ पोराने चांगले काम केले आणि तरी असे कसे झाले, हे तिला उमगत नव्हते. तिला ते आधी कुणी सांगितलेच नव्हते. अशा मुलाचे पुढे काय होते, तेही सांगते. सीटी स्कॅन होतो, तो नॉर्मल येतो. फेफरे समजून फिटची गोळी सुरू होते आणि डिस्चार्ज मिळतो. रोज किती गोळ्या खात होतास, हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नसतो. बाहेर पडल्यावर त्रास थांबवायचा एकच उपाय त्याला माहीत असतो, आणि तो गल्लीच्या तोंडाशी मिळतो.

हे मालेगावपुरते असते तरी पत्र लिहिले असते, पण ते तेवढे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयातले सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय चिठ्ठीविना, नशेसाठी किंवा मनाने झोपेची-शांततेची औषधे घेतात, असे त्यात नोंदवले आहे. संख्येने पुढे असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. आणि ज्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच सवय लागली, ती माणसे या आकड्यात धरलेलीच नाहीत.

ती माणसे पाहायची असतील तर कोणत्याही गावातल्या मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. प्लास्टिकच्या पिशवीत घडीवर घडी घातलेली, कडा झिजलेली जुनी चिठ्ठी निघते. कधी चिठ्ठीही नसते, नुसता पट्टीचा रिकामा तुकडा पुढे केला जातो, ‘‘ही द्या.’’ दुकानदार कात्रीने पाच गोळ्या कापून देतो. कापताना औषधाचे नाव एका तुकड्यावर जाते आणि लाल चौकटीतला इशारा दुसऱ्यावर राहतो. घरी जातो तो तुकडा, ज्यावर काहीच वाचता येत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सगळी औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध, किती दिले, हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. त्या कापलेल्या पाच गोळ्या रजिस्टरात उतरतात का, एवढेच पाहायचे आहे.

शिवाय नैराश्याच्या औषधात क्लोनाझेपाम मिसळलेल्या जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास चालतात. रुग्णाला वाटते आपण एकच औषध घेतो. बरे वाटले की तो स्वतःच्या मनाने ते थांबवतो आणि चार दिवसांत पुन्हा घाबरा होऊन दारात येतो. आजार उलटला, असे घरचे म्हणतात. पुष्कळदा आजार उलटलेला नसतो, गोळी अचानक सुटलेली असते.

म्हाताऱ्या माणसांचे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. घसरून खुब्याचे हाड मोडले म्हणून आजी अस्थिव्यंग विभागात दाखल होतात. बीपीची गोळी, शुगरची गोळी नातेवाईक न चुकता सांगतात. रात्रीची ‘छोटी गोळी’ सांगत नाहीत, कारण ती औषध आहे असे कुणाला वाटतच नाही. तिसऱ्या रात्री आजी सलाईन उपसतात, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून ओरडतात. कुणी वयाचा दोष म्हणते, कुणी भुलीच्या इंजेक्शनचा, कुणी हळूच बाहेरचे काही आहे का विचारते. हात बांधून ठेवले जातात. खरे तर आजी पडल्या त्याही बहुधा त्याच गोळीमुळे, रात्री बाथरूमला जाताना, आणि आता बरळतात त्याही तीच गोळी थांबल्यामुळे.

एकदम पुरवठा तुटला की काय होते, याचा धडा शेजारी तेलंगणाने घेतला आहे. तिथे ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा धंदा जुना आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, ताडीची आणि दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली, आणि हैदराबादच्या एरागड्डा इथल्या मानसिक आरोग्य संस्थेत थरथरणाऱ्या, बरळणाऱ्या, फिट आलेल्या माणसांची रीघ लागली. टाळेबंदी अचानक आली होती. पोलिसांचा छापा मात्र ठरवून घातला जातो. मग त्याची तयारी रुग्णालयात का नसावी?

ही गोळी सोडवता येते, हेही तितकेच ठामपणे सांगते. ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने १९८८ सालीच बजावले होते की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात फक्त या गोळ्या सोडवण्यासाठी क्लिनिक चालवले आणि त्या अनुभवातून लिहिलेली त्यांची पुस्तिका आजही जगभर वापरली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या सगळ्या गटावर सवयीचा आणि अचानक थांबवण्याचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडेही १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणसाला रुग्ण मानायचे, हे महाराष्ट्राला नव्याने शिकायचे नाही.

डिटॉक्स म्हणजे माणसाला खोलीत कोंडून ठेवणे, असा समज अजून आहे. प्रत्यक्षात काय करतात ते सांगते. आधी रिकाम्या पट्ट्या आणायला सांगतात; कोणती गोळी, किती, किती वर्षे, सोबत दारू किंवा खोकल्याचे औषध आहे का, हे विचारून घेतात. यकृताची तपासणी होते. मग लवकर उतरणाऱ्या गोळीच्या जागी तेवढ्याच ताकदीची, रेंगाळणारी डायझेपाम देतात. अ‍ॅश्टन यांच्या हिशेबाने अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅम म्हणजे डायझेपामची सुमारे १० मिलिग्रॅम. यकृत खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. दर काही तासांनी नाडी, बीपी, घाम बघायचा. ‘‘हात पुढे करा, बोटं फाकवा’’ म्हणून थरथर बघायची. डोस मोठा असेल, पूर्वी फिट आली असेल किंवा दारू जोडीला असेल, त्याला हे वॉर्डातच करावे लागते. तो स्थिरावला की घरी सोडून ओपीडीत डोस उतरवत जायचा, साधारण दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के. वर्षानुवर्षांची सवय असेल तर त्याला महिने लागतात, कधी वर्षही. शेवटची पाव गोळी सोडणे सगळ्यांत अवघड जाते, आणि नेमके त्याच वेळी घरचे म्हणतात, आता एवढीशीच तर राहिली आहे, टाक सोडून.

यात महागडे यंत्र कुठेच नाही. खाट, स्वस्त गोळी आणि रात्री जागी असलेली सिस्टर, एवढेच लागते.

अडचण वेगळीच आहे. गोळी पकडते गृह खाते. मेडिकलचा परवाना आणि रजिस्टर अन्न व औषध प्रशासनाकडे. व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि प्रत्येकाचा अहवाल वेळेवर जातो. पण फिट आलेला माणूस शेवटी आपल्याच खात्याच्या दारात येतो. म्हणून पत्र आपल्याला लिहिले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींना आजारात धरले आहे, आणि उपचार मिळणे हा हक्क ठरवला आहे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातले कलम ६४-अ आपणहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते. कायदा उपचाराच्या बाजूने आहे, पण हे कलम पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेले मी अजून पाहिले नाही.

माझ्या मागण्या अशा.

एक, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात झोपेच्या गोळ्या आणि दारू सोडवण्यासाठी ठरावीक खाटा राखून ठेवा आणि उपचाराची छापील पद्धत कॅज्युअल्टीत लावा. मालेगावसारख्या ठिकाणी त्यासाठी जिल्ह्याच्या गावाची वाट दाखवू नका.

दोन, मोठ्या छाप्यानंतर लगेच त्या भागातल्या रुग्णालयाला कळवण्याची पद्धत गृह खात्याशी बोलून ठरवा. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी होतेच. अंगावरच्या जखमांसोबत रोजच्या गोळ्यांचाही प्रश्न त्या फॉर्मवर येऊ द्या. कोठडीत दुसऱ्या रात्री फिट येऊ नये, यासाठी हा एक प्रश्न पुरेसा असतो.

तीन, दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ‘झोपेची किंवा टेन्शनची गोळी घेता का, कधीपासून’ अशी एक ओळ छापा, साठीपुढच्या रुग्णांसाठी तर नक्कीच.

चार, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना गोळी उतरवण्याची ओपीडी ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी चालवू द्या आणि कमी ताकदीच्या गोळ्यांचा पुरवठा तुटू देऊ नका. पुरवठा तुटला तर रुग्ण पुन्हा गल्लीकडे वळतो.

पाच, व्यसनमुक्तीची पाटी लावलेल्या प्रत्येक केंद्राची नोंदणी तपासा. जिथे डॉक्टर नाही, तिथे या गोळ्यांचा रुग्ण पहिल्या दिवसापासून ठेवू देऊ नका.

हे पत्र खुले आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनाही एक सांगते. हे वाचून कुणी आज रात्रीची गोळी कचऱ्यात टाकू नये, आणि घरातल्या माणसाची पट्टी लपवू नये. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात रिकामी पट्टी घेऊन जा आणि ‘कमी करत न्यायची आहे’ असे स्पष्ट सांगा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर कुठेही फोन करत न बसता थेट रुग्णालय गाठा.

मंत्रिमहोदय, पुढच्या वेळी जप्त गोळ्यांचा आकडा जाहीर होईल, तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा आकडाही द्यावा: त्या गोळ्यांवर जगणाऱ्या किती जणांना आपल्या रुग्णालयात खाट मिळाली. तो आकडा शून्य असेल तर कारवाई अर्धीच झाली, असे समजावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका