आधी प्रतिध्वनी, की आधी फझ?

१९७८ साली व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम आला आणि जगभरचे गिटारवादक त्यातल्या जेमतेम पावणेदोन मिनिटांच्या ‘इरप्शन’वर खिळले. एडी व्हॅन हेलनच्या गिटारमधून निघालेला सिग्नल आधी एमएक्सआर कंपनीच्या फेज ९० या छोट्या नारिंगी डबीतून जायचा, मग टेपवर चालणाऱ्या एकोप्लेक्स या डिलेतून, आणि सर्वांत शेवटी मार्शल अ‍ॅम्पमध्ये. आवाज फाटायचा तो तिथे, अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हमध्ये. म्हणजे आवाजाला फिरवणारं आणि घुमवणारं सगळं आधी आणि डिस्टॉर्शन नंतर. आज गिटार शिकणाऱ्या मुलाच्या हाती सुरुवातीलाच जो तक्ता पडतो, त्यानुसार हा क्रम साफ चुकीचा आहे.

तक्ता सर्वांना ठाऊक असलेलाच. आधी ट्यूनर, मग वाह, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, त्यापुढे कोरस, फेजर, फ्लँजर, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी: पेडल म्हणजे पायाने दाबून चालू-बंद करायची धातूची डबी. गिटारची तार एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पुढच्या डबीत जाते, आणि अशी साखळी अ‍ॅम्पपर्यंत पोचते. एखादी डबी (फझ, डिस्टॉर्शन) आवाज खरखरीत करते, एखादी (डिले) त्याची पुनरावृत्ती करते, एखादी (रिव्हर्ब) त्याला मोठ्या सभागृहात नेऊन ठेवते.

तक्ता वाईट नाही. तो पाळला तर आवाज सहसा स्वच्छ येतो, आणि नवशिक्याला तेवढा आधार हवाच. आक्षेप आहे तो कारण न सांगता तो पाठ करून घेण्याला. कारण काही अवघड नाही. साखळीत आवाज नेमका कुठे फाटतो ती जागा शोधायची. बाकीच्या बहुतेक पेडलांचं म्हणणं त्या जागेच्या अलीकडे वेगळं आणि पलीकडे वेगळं ऐकू येतं. एवढं समजलेल्या मुलाला तक्त्याची फारशी गरज उरत नाही.

फाटलेल्या आवाजाची गोडी लागली तीच मुळी एका बिघाडातून. १९६१ साली नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं प्रसिद्ध झालं. त्यात ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेसचा आवाज मिक्सिंग कन्सोलमधल्या बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमुळे भसाडा आला होता. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि गिब्सन कंपनीने १९६२मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणलं. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्‌सने ते वापरलं आणि फझ घराघरांत पोचला.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. गिटारवर ११० हर्ट्‌झचा स्वर आणि त्याचा पंचम, १६५ हर्ट्‌झ, एकत्र वाजवले तर स्वच्छ अ‍ॅम्पमधून तेच दोन स्वर आणि त्यांचे नैसर्गिक उपस्वर बाहेर येतात. डिस्टॉर्शनमधून मात्र त्या आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वरही जन्माला येतात: ५५, २२०, २७५. हे सगळे ५५च्या पटीत बसतात, म्हणून रॉकमधला पॉवर कॉर्ड फाटूनही भरदार लागतो. आता ११०च्या जोडीला १२३.५ हर्ट्‌झ, म्हणजे एक पूर्ण स्वर वरचा सूर घ्या. नव्याने उगवतात १३.५, ९६.५, १३७. यांचं एकमेकांशी जमत नाही. कानाला गढूळपणा जाणवतो.

डिले आधी की डिस्टॉर्शन आधी, या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे. डिले आधी ठेवला तर मागच्या सुराचा प्रतिध्वनी आणि आत्ता छेडलेला सूर एकत्रच फझमध्ये शिरतात आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्या होतात. शिवाय डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबतं आणि लहान आवाज वर आणतं, त्यामुळे विरत जाणारा प्रतिध्वनी लवकर विरतच नाही, तो अंगावर येतो. डिले नंतर ठेवला तर आधीच फाटलेल्या आवाजाची जशीच्या तशी नक्कल हळूहळू मंद होत जाते आणि प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरचे लांब, गाते सोलो या दुसऱ्या रचनेचे आहेत: बिग मफसारखा फझ आधी, प्रतिध्वनी नंतर.

पण पहिली रचनाही चूक नाही. १९९१च्या ‘लव्हलेस’ या अल्बममध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या केव्हिन शील्ड्‌सने उलट्या रिव्हर्बमधून गिटारचा जो धुकट, वितळता आवाज काढला, त्याच्या शोधात निघालेल्या पिढीने रिव्हर्ब उचलून सरळ फझच्या आधी ठेवला. शूगेझ शैलीची ती आज जवळजवळ ओळखच झाली आहे. तक्त्यावर विसंबून राहिलेल्या वादकाला हा आवाज कधी सापडणारच नाही, कारण त्याने ती दोन पेडलं अदलाबदल करून पाहिलेलीच नसतात.

उलट, ज्यावर तासन्‌तास वाद रंगतात तो डिले आधी की रिव्हर्ब आधी हा प्रश्न बराचसा पोकळ आहे. दोन्ही पेडलं स्वच्छ असतील, आवाज फाडत नसतील आणि त्यात हलता-डुलता परिणाम मिसळत नसतील, तर गणिताने दोन्ही क्रमांचं उत्तर एकच येतं. स्वच्छ इक्वलायझर आणि स्वच्छ डिलेचंही तसंच. टेप डिले किंवा जुने अ‍ॅनालॉग डिले आवाज किंचित फाडतात आणि थरथरवतात, म्हणून त्यांच्या बाबतीत थोडा फरक पडतो. एवढ्याशा फरकासाठी भांडण्यापेक्षा इक्वलायझर डिस्टॉर्शनच्या अलीकडून पलीकडे नेऊन ऐकावा. अलीकडे तो काय फाटणार हे ठरवतो, पलीकडे फाटलेल्याचा रंग बदलतो. व्हॉल्यूम पेडलचंही असंच: आधी ठेवलं तर आवाज किती फाटावा हे पायाच्या ताब्यात, नंतर ठेवलं तर फक्त लहान-मोठेपणा.

आता तक्त्यातलं खरं कोडं. वाह फझच्या आधी ठेवावा, असं तक्ता सांगतो. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या मंचावर जिमी हेंड्रिक्सची साखळी अशीच होती: वाह, मग फझ फेस हा फझ, मग आवाज फिरवणारं युनि-व्हाइब, मग मार्शल. वाह हा सरकता फिल्टर आहे. पाय हलेल तसा तो वेगवेगळ्या पट्ट्यातले स्वर उचलून धरतो. आधी असला की तो उचलेल ते जास्त फाटतं आणि आवाज माणसाच्या उच्चारासारखा राहतो. नंतर असला की उपस्वरांनी भरलेल्या आवाजावर तो फिरतो आणि सिंथेसायझरसारखी रुंद झेप ऐकू येते.

पण त्याच तक्त्याच्या तळटिपेत दुसरा नियम असतो: फझ फेस थेट गिटारलाच जोडावा, मध्ये काही नको. दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि का ते तक्ता सांगत नाही. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६मध्ये आणलेल्या फझ फेसमध्ये दोन ट्रान्झिस्टर आणि मोजकेच सुटे भाग आहेत. त्याचा इनपुट इम्पिडन्स फार कमी, त्यामुळे गिटारच्या पिकअपचं वेटोळं जणू त्याच्या सर्किटचाच भाग बनतं. म्हणून गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी केला की फझ एकदम निवळतो आणि काचेसारखा लखलखीत आवाज देतो. गिटार आणि फझ यांच्यात बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट, असलेलं पेडल आलं की हा दुवा तुटतो. मग आवाज कर्कश होतो आणि व्हॉल्यूम कमी केला तरी निवळत नाही. बॉस कंपनीची नेहमीची पेडलं बंद असतानाही सिग्नल बफरमधूनच जातो, त्यामुळे तक्त्यानुसार पहिल्या जागी ठेवलेला त्यांचा ट्यूनर जुन्या धाटणीच्या फझचा जीव घेतो. वाहमागे जोडलेल्या फझमध्ये कधी शिट्टी उठते, कधी वाहची झेपच अर्धी होते. हेंड्रिक्स ते सांभाळून घेत होता. आजचे काही निर्माते त्यासाठी वाहच्या आउटपुटवर छोटा बफर बसवतात.

याचा अर्थ बफर वाईट असा मुळीच नाही. पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो आणि गिटारच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. सहा मीटरची एक केबल, मधल्या पॅच केबल्स, अ‍ॅम्पपर्यंतची आणखी एक केबल, असं सगळं जमा होऊन वरचे स्वर गळून पडतात आणि गिटार बोथट वाजते. सगळी पेडलं ‘ट्रू बायपास’, म्हणजे बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी, घेतली की आवाज शुद्ध राहतो, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. फझ सर्वांत पुढे, त्याच्या पाठोपाठ एक चांगला बफर, एवढ्यावर दहा पेडलांचा बोर्डही ताजा वाजतो.

हे सगळं इथल्या वादकांना सांगण्याची निकड आहे. १९९१पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते, तेव्हा एक परदेशी पेडल मिळवणंही मुश्कील होतं आणि जे मिळे ते घासून-पुसून वापरलं जाई. आता धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत ती सर्वत्र आहेत, आणि अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशनसारखी कंपनी मुंबईतच पेडलं बनवते. आवाज मनासारखा लागला नाही की आणखी एक डबी विकत घेणं सोपं झालं आहे. त्याआधी घरी असलेल्या तीन डब्यांचे सहाच्या सहा क्रम ऐकावेत, हे शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला सांगायला हवं, आणि विकणाऱ्यानेही. दुकानात ऐकवायला ठेवलेला बोर्ड बहुधा पक्का बांधलेला असतो. त्यातल्या निदान डिस्टॉर्शन आणि डिलेच्या तारा मोकळ्या ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाला त्या स्वतः बदलू द्याव्यात.

क्रम बदलून काही जळत नाही. सांभाळायचं ते दुसरीकडे. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या प्लगच्या मधल्या टोकाला ऋण असतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काही जुन्या फझमध्ये मात्र हे उलटं असतं. असा फझ इतरांबरोबर एकाच सामायिक तारेवर लावला तर शॉर्ट होऊ शकतो, त्याला वेगळा पुरवठा द्यावा. अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून पेडलकडे तार कधीच नेऊ नये. अ‍ॅम्पला मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ ही भोकं असतील आणि आवाज अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये फाटत असेल, तर डिले त्या दोहोंच्या मध्ये जोडला की तो फाटण्याच्या पलीकडे जातो. पुढे गिटारच्या बाजूला जोडला की एडी व्हॅन हेलनच्या रचनेजवळ. तार बदलताना अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर आणावा, नाहीतर बसणारा धडाका स्पीकरला आणि कानाला दोघांनाही त्रासदायक असतो.