कामगाराचे मन आणि मालकाची करुणा

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांतून अलीकडे समुपदेशक नेमले जातात, ध्यानाचे वर्ग भरतात, ताण कसा सोसावा यावर व्याख्याने होतात. नोकरीवर येणाऱ्या माणसाला घरचे दुःख असते, कर्ज असते, आजारी आईबाप असतात, हे मालकवर्गाला उशिरा का होईना उमगले. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. एखाद्या एकाकी जीवाला त्यातून आधार मिळतही असेल. मात्र हा उपचार नेमक्या कोणत्या दुखण्यावर चालला आहे, हे तपासावयास हवे.

ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अशा उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुखी आढळले नाहीत; अपवाद काय तो स्वयंसेवी कार्याचा. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आधीच खचलेली माणसे अशा वर्गांकडे अधिक वळत असतील, ही शंका रास्त आहे. तरीही एवढ्या खर्चाचे फळ कोठेच दिसू नये, हे सूचक नव्हे काय?

कारण उघड आहे. दुखणे कामाच्या रचनेत आणि औषध कामगाराच्या स्वभावाला! ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, असा खुलासा झाला. ज्याची रोजी कंत्राटदाराच्या मर्जीवर, त्याची संमती ती कसली? बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे तीन तास वजा जाता निजावयास, जेवावयास आणि मुलांचे तोंड पाहावयास नऊ तास उरतात. अशा माणसाला श्वासावर लक्ष केंद्रित करावयास शिकवणे ही क्रूर थट्टा होय. शिवाय हे वर्ग बहुधा कायम नोकरांसाठी. दारावरचा पहारेकरी आणि झाडूवाली यांना मन असते, हे अद्याप कोणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

दोष एकट्या मालकांचा नाही. गिरणगावात कामगाराचे दुःख खानावळवालीने, गाववाल्यांच्या खोलीने, भजनी मंडळाने वाटून घेतले. उरले ते गुत्त्यात गेले. युनियनने महागाईभत्ता मागितला, बोनस मागितला, मनाचे काय ते विचारले नाही. १९८२ चा संप फसल्यावर जी घरे आतून कोसळली, त्यांना द्यावयास चळवळीपाशी सहानुभूतीखेरीज फारसे काही नव्हते.

म्हणून समुपदेशकाला विरोध करण्याऐवजी त्याची नेमणूक मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समितीकडे घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही कामाच्या रचनेत बदल करावयास सांगतात. पाळी, रजा आणि कामाचा बोजा ठरवताना कामगारांचे मत घेतले जावे, हा हट्ट त्यांच्या आधारे धरता येईल. समुपदेशकापाशी बोललेली गोष्ट बढतीच्या किंवा कपातीच्या वेळी फायलीतून बाहेर येणार नाही, याची लेखी हमी हवी. ही कलमे पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात बोनसच्या बरोबरीने लिहिली जावीत, आणि कंत्राटी कामगारांनाही ती लागू असावीत.