जादा जमा झालेल्या अनुदानाची वसुली

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला पूर्वी दरमहा १५०० रुपये मिळत. ऑक्टोबर २०२५ पासून ते २५०० झाले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत, या मुख्य अटी. महिन्याच्या हिशेबाने ही मर्यादा चार हजार दोनशेच्याही खाली येते. नवी मुंबईत तुर्भ्यातल्या अशा घरातला मुलगा एखाद्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला, की कुटुंब मर्यादेबाहेर गेलेच.

हे तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळत नाही. उत्पन्नाचा आणि हयातीचा दाखला पडताळला जातो तेव्हा ते उघड होते. तोवर डीबीटी, म्हणजे थेट बँक खात्यात रक्कम जमा करण्याची पद्धत, यादीत नाव आहे म्हणून पैसे पाठवत राहते. तात्पुरत्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची मुदत संपली तरी तेच होऊ शकते. नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. सीवूड्स ठाणे तालुक्यात, तर कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. खाडीपलीकडे घर बदलले की तहसीलही बदलते आणि जिल्हाही, त्यामुळे पडताळणी आणखी लांबू शकते.

मग प्रश्न येतो वसुलीचा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. पैसा करदात्यांचा आहे, हा सरकारचा युक्तिवादही पोकळ नाही. फसवणूक असेल तर विषयच वेगळा. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पण चूक कार्यालयाची असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात काही परिस्थितींत वसुलीला मनाई केली. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळालेले, ही त्यांतली काही. वसुली अतिशय जाचक ठरत असेल तर तीही करू नये, असे न्यायालयाने म्हटले. मात्र जादा रक्कम परत करीन, असे हमीपत्र आधीच दिलेले असेल तर हे संरक्षण ढिले पडते, हे २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने दाखवले. म्हणून अर्जासोबतच्या स्वयंघोषणापत्रावर सही करताना मजकूर वाचावा. हे निकाल कर्मचाऱ्यांविषयीचे आहेत, निराधार लाभार्थ्यांना ते आपोआप लागू होत नाहीत. पगारदाराला जी वसुली जाचक, ती पगारच नसलेल्याला किती, एवढा युक्तिवाद मात्र त्यांतून नक्की करता येतो.

महाराष्ट्रात जवळचे उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतून सुमारे पाच लाख महिला अपात्र ठरल्या. त्यांपैकी २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या. आधी जमा झालेले पैसे परत घेतले जाणार नाहीत, असे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी तेव्हा जाहीर केले. भूमिका योग्यच होती, पण ती एका योजनेपुरती आणि मंत्र्यांच्या घोषणेच्या रूपात.

उलट टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथे ‘रोबोडेट’ यंत्रणेने वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून लाखो लोकांवर थकबाकी दाखवली, आणि ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भार गरिबांवरच टाकला. ही वसुली बेकायदा होती. सरकारला पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने तिच्यावर कठोर ताशेरे ओढले.

आता आकडा पाहा. नव्या दराने दोन वर्षांची वसुली ६० हजार होते, म्हणजे पात्रतेसाठी ठरवलेल्या अख्ख्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेपेक्षा जास्त. आमच्या मते लाभार्थ्याने काही लपवले नसेल तर अनुदान पुढे बंद करावे, मागचे मागू नये. आणि हे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. पडताळणी वेळेवर न झाल्याचा भुर्दंड खाटेवरच्या माणसाने का भरावा?

नोटीस आलीच तर घाबरून पहिला हप्ता भरू नका. कोणत्या महिन्यांची रक्कम, कोणत्या कारणाने, कोणाच्या आदेशाने, हे लेखी मागा आणि पोचपावती घ्या. उत्तर नाही आले तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्याला ३० दिवसांची मुदत असते. सुनावणीशिवाय कपात झाली तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.