काटशहाची भाषा

धर्मग्राम परिषदेच्या गेल्या वर्षीच्या एका बैठकीत एक शब्द वारंवार उच्चारला गेला: काटशह. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे जवळच्याच एका नव्या प्रार्थनामंडळाकडे वळली होती. त्यांची सभा बुधवारी, म्हणून आपलीही बुधवारीच भरवावी, आणि अधिक मोठ्या ध्वनिक्षेपकासह, असा बेत एकमताने संमत झाला. त्या एकमतात आमचेही मत होते, हे आधीच सांगून टाकतो. आजचा वाद आम्ही प्रथम स्वतःशीच मांडीत आहोत.

अशा बेतांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बुद्धिबळाने शह-काटशह दिले, आखाड्याने डाव आणि त्याची तोड दिली, रणांगणाने गनिमी कावा दिला, वैद्याने विषावरचा उतारा दिला. शह म्हणजे मुळात फारसीतला शाह, राजा. गनीम म्हणजे शत्रू. शब्द उचलला की त्याच्यामागोमाग पट येतो, आखाडा येतो, शत्रू येतो. शेजारी दिसेनासा होतो आणि समोर उरतो तो प्रतिस्पर्धी.

'प्रति' ह्या उपसर्गाची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. प्रतिकार, प्रतिपक्ष ह्या शब्दांत विरोध आहे. प्रतिमा, प्रतिबिंब ह्यांत सादृश्य आहे. नेताजी पालकरांना 'प्रतिशिवाजी' म्हणत ते शिवरायांसारखे म्हणून. १९४३ साली सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार इंग्रजांच्या विरोधात तर होतेच, पण न्यायनिवाडा करणारे सरकारही होते. विरोध आणि अनुकरण एकाच उपसर्गात नांदतात. जो केवळ प्रतिडाव खेळत राहतो, तो हळूहळू प्रतिस्पर्ध्याचीच प्रतिमा होतो. त्यांचा बुधवार तोच आमचा बुधवार, हे त्याचेच उदाहरण नव्हे काय?

हा उपसर्ग ख्रिस्तसभेच्या इतिहासालाही चिकटला आहे. सोळाव्या शतकातील कॅथोलिक नवजागरणाला पाठ्यपुस्तके 'प्रतिधर्मसुधारणा' म्हणतात. वास्तविक हा शब्द त्या शतकातला नाही. जर्मन कायदेपंडित योहान स्टेफान प्यूटर यांनी तो १७७६ साली वापरला, तोही प्रॉटेस्टंट झालेले प्रदेश सत्तेच्या बळावर पुन्हा कॅथोलिक करण्याच्या प्रकारांना उद्देशून. पुढे तो सबंध युगालाच लागला. १९४६ साली इतिहासकार धर्मगुरू हुबर्ट येडिन यांनी भेद स्पष्ट केला: ख्रिस्तसभेची आंतरिक सुधारणा निराळी आणि प्रतिपक्षाशी दिलेली झुंज निराळी.

पहिली सुधारणा कोणाला शह देण्यासाठी जन्मली नव्हती. ल्यूथरने १५१७ साली आपले प्रबंध मांडले, त्याआधी वीस वर्षे, १४९७ मध्ये, जेनोआ शहरात 'दैवी प्रीतीचा संघ' उभा राहून रुग्णसेवेला लागला होता. ट्रेंटची धर्मपरिषद (१५४५ ते १५६३) ल्यूथरच्या आव्हानामुळे भरली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी स्थापाव्यात, हा तिचा १५६३ चा निर्णय स्वतःच्याच घरातील अज्ञानावरचा इलाज होता. १५७६ साली मिलानमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ शहर सोडून गेले नाहीत. आजाऱ्यांची सेवा हा कोणत्या डावावरचा प्रतिडाव?

झुंजीनेही आपली फळे दिली. १५४२ साली रोममध्ये इन्क्विझिशनची पुनर्रचना झाली. संशयाचीच ती वृत्ती १५६० साली गोव्यात पोहोचली आणि मध्यंतरीचा थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत ठाण मांडून बसली. त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स आले, येथील लोकांची भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. ह्यांपैकी कोणता वारसा आपण अभिमानाने सांगतो आणि कोणता सांगताना आपली मान खाली जाते, ते वाचकांना वेगळे सांगावे लागू नये.

कोणी विचारील, मग हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. श्रद्धेवरील आक्षेपांना उत्तर द्यावे. सापासारखे चतुर राहण्याची शिकवण प्रभूनेच शिष्यांना दिली आहे. आमचा आक्षेप आहे तो एवढ्यालाच, की आपली दिशा समोरच्याने ठरवावी. काटशह देणाऱ्याची पुढची खेळी नेहमी दुसऱ्याच्या हाती असते.

त्या बुधवारांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. ध्वनिक्षेपक वाजला, गेलेले कोणी परत आले नाही. अखेर आम्ही त्यांतील एका घरी गेलो. घरात एक आजी अंथरुणाला खिळलेल्या. प्रार्थनामंडळाचे लोक रोज संध्याकाळी येऊन त्यांच्यापाशी बसत, सूनबाईला तासभर उसंत मिळे. आम्ही त्या उंबऱ्यावर शेवटचे गेलो होतो ते ईस्टरच्या घर-आशीर्वादासाठी, दोन वर्षांपूर्वी. आजी एवढेच म्हणाल्या, "फादर, आलात, बरं झालं." आमच्या साऱ्या बेतात त्यांचे नाव कोठेच नव्हते.

पुढच्या बैठकीत परिषदेने बुधवारची सभा बंद केली आणि धर्मग्रामातील आजाऱ्यांची यादी करावयास घेतली. ती करताना आम्हांला आमच्याच भाविकांची नावे दुसऱ्यांना विचारावी लागली. ह्या लाजेवर कोणताही प्रतिडाव नाही. घरोघर जाणे एवढेच आहे.