कंपनी वाढली, पण जाब कुणाला विचारायचा?



2003 साली उत्पादक कंपनीचा कायदा लागू झाला. दहा शेतकऱ्यांनी एकत्र यावे, कंपनी काढावी, शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. अशा कंपन्या आपल्या जिल्ह्यातही निघाल्या. शंभर-दीडशे सभासद असतात तोवर कुणाचा कापूस कसा, हे कारभाऱ्याला तोंडपाठ असते. सभासद हजारावर गेले की आम्ही सरकारी कचेरीची नक्कल करतो. खरेदी विभाग, गोदाम विभाग, विक्री विभाग. पाट्या लागतात, खुर्च्या येतात.

मग एक दिवस कापूस ओला निघतो. विक्रीवाला म्हणतो, खरेदीच चुकली. खरेदीवाला म्हणतो, गोदामात भिजला. गोदामवाला म्हणतो, ट्रक वेळेवर आला नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर. भाव मात्र शेतकऱ्याचा पडतो.

हे आपल्याला नवे नाही. 1972 पासून तीसेक वर्षे एकाधिकार कापूस खरेदी आपण सोसली. संकलन केंद्रावर ग्रेड लावणारा वेगळा, जिनिंगवाला वेगळा, गाठी विकणारा मुंबईत. चुकारा का अडला, याचा जाब द्यायला एकही माणूस सापडत नव्हता. ती रचना आता आपल्याच हाताने आपल्या कंपनीत का बसवायची?

आमचे मत असे की, कंपनी वाढली की काम पिकावर वाटावे, खात्यावर नाही. याच जालन्यात 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको उभी केली आणि आपल्यातले कित्येक जण बीजोत्पादनाचे प्लॉट घेऊ लागले. संकरित कापसाच्या प्लॉटमध्ये फूल न् फूल हाताने फलित करावे लागते. ज्वारीत नर-मादीच्या ओळी लावल्या की काम वाऱ्यावर भागते. एकात मुरलेला माणूस दुसऱ्यात नवखाच. बाजाराचेही तेच. कापसात ओलावा 8 ते 12 टक्के आहे का, कवडी किती, हे पाहतात. ज्वारीत दाण्याची चमक पाहतात आणि कडब्याचे गिऱ्हाईक वेगळेच असते.

म्हणून कापसाचा एक गट, ज्वारीचा एक. गटात चार-पाच जण. कापसाच्या गटात वेचणी करणाऱ्या बायका हव्यातच, कारण रुईची प्रत त्यांच्या हातात ठरते. बियाण्यापासून पट्टीपर्यंत सगळे त्या गटाने पाहावे आणि एका माणसाचे नाव फळ्यावर लिहावे.

पण सगळेच वाटू नये. बँक खाते, वजनकाटा आणि हिशेब तपासणी सामाईकच राहावी. नाहीतर एका घरात चार चुली होतील. फेब्रुवारीत फरदडीचा कापूस आणि शाळूची ज्वारी एकदमच ट्रक मागतील. तेव्हा पाळी संचालक मंडळाने ठरवावी. दीडशे सभासदांच्या कंपनीने मात्र या भानगडीत पडू नये. तिला एकच गट पुरे.

हिशेब पिकावार वाचावा. क्विंटलमागे काय आले, कशात किती कापले गेले. नाहीतर कापसाचा तोटा तुरीच्या नफ्याखाली झाकला जातो आणि सर्वसाधारण सभा टाळ्या वाजवून घरी जाते.

पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा: आमच्या कापसाचा जाब कुणाला विचारायचा? उत्तरात एक नाव आले तर कंपनी आपली आहे. तीन नावे आली तर समजा, एकाधिकार पुन्हा दाराशी आला आहे, आणि या वेळी त्याला आपणच आत घेतले आहे.