पडद्यावरील शाळा मुकी नको

सुरत शहरात २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली, तेव्हा दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने तीत आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंगही होते. प्रश्न विचारावा, उत्तर मागावे, न पटल्यास वाद घालावा, ही त्या सभेची रीत. याच शहरात जन्मलेल्या कवी नर्मदाशंकरांनी मंडळी मिळाल्याने होणाऱ्या लाभांवर निबंध लिहिला, तो गुजरातीतील आद्य निबंधांत गणला जातो. चर्चेची अशी थोर परंपरा असलेल्या नगरीत मुलांना गप्प बसवून शिकविण्याचा प्रयोग व्हावा, हे नवलच म्हणावयाचे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गुजरात सरकारने डीडी गिरनार वाहिनीवरून पाठ दाखविले, मायक्रोसॉफ्ट टीम्सवर वर्ग उघडले. संकट अकल्पित होते आणि धावपळ प्रामाणिक होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु दूरचित्रवाणीला प्रश्न विचारता येत नाही. आणि ज्या यंत्रणेवर तो विचारता येतो, तेथे वर्गाची पहिली आज्ञा काय, तर ‘सर्वांनी आपापले आवाज बंद ठेवावेत’!

याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आदी माध्यमांच्याही शाळा चालविते. ही गोष्ट भूषणावह आहे. लिंबायत, उधना, दिंडोलीकडील मराठी शाळांत येणारी पुष्कळ मुले यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांतील. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि हिंदी. प्रमाण मराठी तोंडी येते ती शाळेतच, गुरुजींना उत्तर देताना. या मुलाला एकतर्फी पाठ ऐकविला, तर त्याची मराठी कानापर्यंत पोहोचेल, जिभेवर येणार नाही.

मग उपाय कोणता? दोन्ही बाजूंनी चित्र दिसणारा वर्ग उत्तमच. पण घरात फोन एक, तोही बापाबरोबर पाळीवर गेलेला. शिवाय एका खोलीत सहा माणसे राहत असता कॅमेरा चालू करण्याची सक्ती म्हणजे त्या खोलीचे प्रदर्शन मांडणे होय. वयात येणारी मुलगी तर अशा वर्गाला बसणारच नाही. आमच्या मते येथे चित्रापेक्षा आवाज अधिक कामाचा. शिक्षकाने सकाळी एक प्रश्न ध्वनिमुद्रित करून धाडावा. पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाने सवडीने, बाप पाळीवरून परतल्यावर का होईना, मिनिटभर उत्तर बोलावे, दुसऱ्याचे ऐकावे आणि त्यावर आपले मत द्यावे. यास डेटा थोडा लागतो, वेळेची अट राहत नाही. लग्नकार्याला वा आखाजीला जळगाव-नंदुरबारकडे गेलेले मूलही वर्गातून तुटत नाही. तापीला पूर आला म्हणजे काय होते, हे सुरतेने ऑगस्ट २००६ मध्ये पाहिलेच आहे.

ही कल्पना काही परदेशी नव्हे. गुजरातेतच १९७५ साली सुरू झालेल्या खेडा दूरचित्रवाणी प्रकल्पाने गावकऱ्यांनाच कार्यक्रमांतून बोलते केले होते, आणि १९८४ साली युनेस्कोच्या पारितोषिकाने त्याचा गौरव झाला.

अडचण यंत्राची नाही, शिक्षकाच्या वेळेची आहे. चाळीस मुलांची मिनिटभराची उत्तरे ऐकावयास चाळीस मिनिटे लागतात. त्यांवर बोलावयास आणखी तितकीच. ते काम हजेरीपटात दिसत नाही, म्हणून ते कोणी मोजत नाही. ते तासिका म्हणून धरले गेले पाहिजे. नाही तर दोन आठवड्यांत सारा उत्साह मावळेल. मुलांचे आवाज शाळेबाहेर जाणार नाहीत, याचे लेखी बंधनही हवे.

नवे सत्र जूनमध्ये सुरू होते. त्यापूर्वी लिंबायत-उधन्यातील दोन-तीन मराठी शाळांत शिक्षकांना अशी तासिका देऊन आरंभ करावयास समितीची हरकत कोणती?