पाणी येणार, एवढेच सांगण्याची मुभा

सामुदायिक रेडिओ, म्हणजे बोलण्यात रुळलेला कम्युनिटी रेडिओ, हा रेडिओच्या घराण्यातला सर्वांत धाकटा आणि सर्वांत हळू आवाजाचा भाऊ. भारतातल्या नियमांप्रमाणे त्याची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० वॅट, अँटेनाची उंची फार तर ३० मीटर आणि सपाट मुलखात आवाका दहा ते पंधरा किलोमीटर. आठवडी बाजाराला माणसे जेवढ्या लांबून चालत येत, साधारण तेवढाच. असे केंद्र नफ्यासाठी चालवता येत नाही. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर, शक्यतो तिथल्याच भाषेत किंवा बोलीत तयार व्हावे लागतात. मालकी आणि कारभार यांत त्या समाजाचे प्रतिबिंब असावे, अशी धोरणाची भाषा आहे. देशात आज अशी केंद्रे पाचशेच्या आसपास आहेत. खेड्यांची संख्या सहा लाखांवर असताना हा आकडा मिरवण्यासारखा नाही.

या केंद्रांचा कायदेशीर पाया घातला तो क्रिकेटच्या एका भांडणाने. सामन्यांच्या प्रक्षेपणावरून माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. निकाल देणाऱ्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते. मालमत्ता जनतेची ठरली, पण तिचा ताबा जनतेकडे यायला बरीच वर्षे लागली. डिसेंबर २००२ मध्ये परवानगी मिळाली ती फक्त शिक्षणसंस्थांना, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे अण्णा एफएम सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये. तेलंगणातल्या माचनूरच्या संघम रेडिओकडे यंत्रसामग्री १९९८च्या सुमारासच आली होती; दलित स्त्रिया चालवत असलेल्या या केंद्राने पुढची दहा वर्षे ध्वनिफिती गावोगाव ऐकवून काढली आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा आवाज एकदाचा हवेत गेला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे माणदेशी तरंग हे केंद्रही त्याच वर्षीचे.

या माध्यमावर घेतले जाणारे आक्षेप जुनेच आहेत, फक्त त्यांचे कपडे बदलतात. सध्या सर्वांत जोरात मांडला जातो तो मोबाइलचा. हाताहातांत फोन आहेत, गावागावाचे व्हॉट्सॲप गट आहेत, मग दहा किलोमीटरचा रेडिओ हवा कोणाला, असा हा पूर्वपक्ष. त्यातला एक भाग खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. घरातले रेडिओसंच गेले, आणि अनेक नव्या फोनमध्ये एफएम लागतच नाही. ऐकणाऱ्याकडे यंत्रच नसेल तर केंद्राने किती घसा कोरडा केला तरी व्यर्थ. पण फोन आला म्हणून रेडिओचे काम फोनने उचलले, हे अनुमान चुकीचे आहे. गटावर फिरणाऱ्या मजकुराला धनी नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि ती पहिल्यांदा कोणी लिहिली हे तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी कोणीही विचारले नव्हते. रेडिओकेंद्राला नाव असते, पत्ता असतो, परवाना असतो. जे प्रसारित झाले त्याचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन असते. निवेदक चुकला तर त्याला गावात तोंड दाखवावे लागते, आणि गावात तोंड दाखवावे लागणे हा कुठल्याही संहितेपेक्षा कडक नियम आहे. शिवाय भाकरी थापताना किंवा गोठा झाडताना फोनच्या पडद्यावर बोट फिरवता येत नाही. ऐकता मात्र येते.

दुसरा आक्षेप असा, की आकाशवाणी आहेच. जिल्ह्याजिल्ह्यांत तिची केंद्रे आहेत, शेतीचे कार्यक्रम आहेत, मराठी आहे. महाराष्ट्राच्या बाबतीत या आक्षेपाला उत्तर आकाशवाणीच्याच एका विसरलेल्या प्रयोगात सापडते. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली. कल्पना कॅनडातली, माती इथली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एकेक कार्यक्रम: एकूण वीस. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर बोलत, आणि त्यांचे प्रश्न व मते केंद्राकडे लिहून पाठवली जात. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपैकी काहींत नुसता रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. मंडळांच्या गावांतली माणसे त्या दोन्हींपेक्षा बरीच जास्त शिकली, आणि काही मंडळे हळूहळू गावाचे निर्णय घेणारी बैठक बनली. रेडिओ असलेल्या गावांत संच सारखाच होता, फरक पडला तो ऐकून झाल्यावरच्या बोलण्याने.

आकाशवाणीचा कारभार मात्र वरून खाली चालतो. जून २०२३ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक वृत्तविभागाचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय प्रसारभारतीने घेतला, ओरड झाली, आणि तो स्थगित झाला. पुण्यासारख्या शहराला आपल्या बातम्या कुठून वाचल्या जाव्यात यासाठी झगडावे लागत असेल, तर माण किंवा जत तालुक्यातल्या वाडीने आकाशवाणीकडून किती अपेक्षा ठेवाव्यात? आकाशवाणीला दोष देण्याचे कारण नाही. लाखो श्रोत्यांच्या केंद्राला एका वाडीचा बंद पडलेला हातपंप दिसत नाही, हा त्याच्या आवाक्याचाच धर्म आहे.

तिसरा आक्षेप आतला आहे, आणि तो सर्वांत झोंबणारा. ‘सामुदायिक’ हा शब्द पाटीवरच राहतो. केंद्र खरे चालते ते विद्यापीठाचे किंवा संस्थेचे. हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. विद्यापीठाचे केंद्र विद्यार्थ्यांचे व्यासपीठ म्हणून चांगले असते, पण कुंपणाबाहेरच्या वस्तीचा आवाज तिथे पाहुणा म्हणून येतो. संस्थेचे केंद्र तिच्या प्रकल्पांची जाहिरात करण्यात रमू शकते. तरीही या आक्षेपातून केंद्रे नकोत असे निघत नाही, ती जास्त लोकांच्या हाती हवीत एवढेच निघते. आणि पर्याय म्हणून जी चावडी किंवा जो पार डोळ्यांपुढे आणला जातो, तो तरी कोणाचा होता? पारावर बसायला कोणाला मिळे आणि कोण खाली उभे राही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बायका तर तिथून डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून जात. माचनूरला ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्त्रिया दलित शेतकरी आहेत, म्हसवडचे केंद्र स्त्रियांच्या बँकेच्या पोटातून निघाले. जुन्या चावडीने या दोघींनाही माइक दिला नसता.

पैशांचा आक्षेप थोडक्यात आटोपता येतो. ही केंद्रे स्वतःच्या पायावर उभी राहत नाहीत, असे म्हणतात. पण पाय बांधले कोणी? सुरुवातीला जाहिरातींना तासाला पाचच मिनिटे होती, नंतर सात झाली आणि २०२४ मध्ये बारा. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वर्षी दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. २०१२ मध्ये तर लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० वर नेले होते. आरडाओरड झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. सार्वजनिक मालमत्ता वापरल्याबद्दल नफा न कमावणाऱ्याकडून भाडे घ्यायचे आणि मग तो गरीब का, असे विचारायचे, हा न्याय अजबच.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न बातम्यांचा आहे. २००६ च्या धोरणाने बातम्या आणि चालू घडामोडींवर बंदी घातली. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देण्याची सवलत मिळाली. स्वतः गोळा केलेली बातमी मात्र निषिद्धच राहिली. धोरणाने काही विषय ‘बातमी नव्हे’ म्हणून वगळले आहेत: खेळ, हवामान, वाहतूक, जत्रा-सण, परीक्षांचे निकाल, आणि स्थानिक प्रशासनाने कळवलेल्या वीज, पाणी, आरोग्य व आपत्तीविषयीच्या सूचना. या यादीचा अर्थ नीट पाहावा. ‘उद्या पाणी येणार’ हे केंद्राला सांगता येते, कारण ते पंचायतीने किंवा नगरपालिकेने कळवले. पाणी आलेच नाही, तर ते का आले नाही हे शोधून सांगितले की ती बातमी होते. जुन्या काळी सूचना पोचवण्याचे हे काम दवंडी पिटणारा करत असे. तोही वरून आलेले तेवढेच ओरडून सांगे, आणि त्याला कोणी लोकशाहीचे माध्यम म्हटले नव्हते. केंद्रे यातून वाट काढतात: बातमीला ‘माहिती’ म्हणायचे, अधिकाऱ्याला बोलावून ‘चर्चा’ करायची, श्रोत्यांचे दूरध्वनी घ्यायचे. यातून कामे होतातही, पण परवाना जाईल ही धास्ती मनात ठेवून.

बंदीच्या बाजूने दिली जाणारी मुख्य सबब सुरक्षेची आहे. लहान केंद्रांवर लक्ष ठेवणे अवघड, ती भडकावू लोकांच्या हाती पडतील, आणि रेडिओ काय करू शकतो हे रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारात दिसले, असे म्हटले जाते. रवांडाचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथले द्वेष पसरवणारे आरटीएलएम हे भागधारकांच्या पैशावर, सत्तेतल्या बड्यांच्या पाठबळाने उभे राहिलेले खासगी केंद्र होते; ते साऱ्या देशाशी बोलत होते आणि त्याच्यामागे राजसत्ता होती. शंभर वॅटच्या ग्रामीण केंद्राशी त्याचे साम्य एवढेच, की दोन्हींना अँटेना लागते. जवळचा दाखला नेपाळचा आहे. काठमांडूचे रेडिओ सागरमाथा १९९७ पासून चालू आहे, आणि तिथल्या सामुदायिक केंद्रांना बातम्यांची मुभा आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली तेव्हा या केंद्रांवरच्या बातम्या बंद करून फक्त करमणुकीला परवानगी ठेवली. काही निवेदकांनी बातम्या चाल लावून गाण्यात म्हटल्या. ऑगस्टमध्ये न्यायालयाने बातम्यांची वाट मोकळी केली. तिथे बातम्यांची धास्ती घेतली ती निरंकुश सत्तेने.

शिवाय बंदीत विसंगती आहे. त्याच तालुक्यात साप्ताहिक छापायला अडचण नाही, यूट्यूबवर वाहिनी काढायला नाही, केबलवर तासभर आरडाओरड करायला नाही. ज्याच्या प्रत्येक शब्दाची तीन महिन्यांची नोंद असते, ते माध्यम मात्र धोक्याचे ठरते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका करून हाच मुद्दा मांडला होता.

बंदी उठवणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. मुभा स्थानिक कारभारापुरती देता येते: ग्रामसभेतले ठराव, पंचायत व नगरपालिकेचा जमाखर्च, रेशनची आवक, रोजगार हमीची हजेरी, शाळा आणि दवाखाना. बातमी देणाऱ्याचे नाव सांगणे, ज्याच्याविषयी बोलले गेले त्याला त्याच वेळेच्या कार्यक्रमात उत्तराची जागा देणे, आणि ध्वनिमुद्रण मागेल त्याला ऐकवणे, या तीन अटी घातल्या की तक्रारीला जागा राहते आणि दडपणालाही थोडा लगाम बसतो. सक्तीच्या ग्रामसभा वर्षाला चारच, आणि त्यांतही गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब होण्याचा अनुभव नवा नाही. तिथे झालेला ठराव दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सरपंचाच्या आवाजात ऐकू आला, आणि संध्याकाळी त्यावर प्रश्न विचारणारा शेतमजुराचा आवाजही तिथूनच आला, तर त्यासाठी लागणारी यंत्रणा म्हसवडपासून माचनूरपर्यंत आधीच उभी आहे. धोरणातले एक कलम तेवढे बदलायचे आहे.